आधी नकार, मग काम : नेपाळमधल्या एका लहान संस्थेत ४२ दिवस

मी सांगलीची. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं बचत गटांच्या कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. निवृत्तीनंतर नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये मी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातल्या एका गावी, तिथल्याच लोकांनी चालवलेल्या संस्थेत ४२ दिवस स्वयंसेवक म्हणून राहिले. परत आल्यापासून बऱ्याच जणी विचारतात, आम्हीही जाऊ का, पैसे किती लागतात, फसवणूक होते का. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. संस्थेचं नाव देत नाही, कारण तिच्या काही चुकाही लिहिणार आहे, आणि गाव इतकं लहान आहे की नाव घेतलं तर माणसं लगेच ओळखू येतील.

आधी मी एका मध्यस्थ कंपनीकडे चौकशी केली होती. दोन आठवड्यांचे १४५० डॉलर. त्यात विमानतळावरून नेणं, राहणं, जेवण, शेवटी दोन दिवस फिरणं आणि एक प्रमाणपत्र. काम कोणतं, असं विचारलं तर तीन पर्याय आले : शाळेत इंग्रजी, शाळेची रंगरंगोटी, नाहीतर बालगृहात मुलांसोबत वेळ. यातले किती पैसे गावात पोचतात, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गोड उत्तर आलं, आकडा आला नाही. बालगृहाबद्दल तर स्पष्टच सांगते, तिकडे जाऊ नका. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाच्या आमिषानं मुलं डोंगरातून खाली आणली जातात, आणि पाहुणे पैसे देत राहतात म्हणून तिथंच ठेवली जातात. युनिसेफनं याबद्दल उघड इशारा दिलेला आहे.

या संस्थेचा पत्ता मला बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. मी मेल केला, मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवीन असं लिहिलं. ११ दिवसांनी उत्तर आलं, हिंदीत, आणि तो नकार होता. आमच्या शाळेत शिक्षक आहे, तुम्ही आलात की तो रजेवर जाईल आणि तुम्ही गेल्यावर मुलांची सवय मोडेल, असं समन्वयकांनी लिहिलं होतं. खाली तीन प्रश्न होते. आयुष्यभर तुम्ही काय काम केलंत? ४० मिनिटांची चढण चढता येते का? आणि तुम्ही अर्धवट टाकून गेलात तर ते काम पुढं कोण करणार?

तो मेल वाचून मला २०१९ चा महापूर आठवला. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरलं, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता, माणसापेक्षा उंच. लांबून ट्रक येत, कपडे टाकून, फोटो काढून जात. आम्हाला हवे होते फावडे, फिनेल आणि घरातला गाळ काढायला चार हात. कपडे ओले झाले, कुजले आणि शेवटी महापालिकेलाच उचलावे लागले. काय हवं ते आधी विचारणारा माणूस त्या दिवसांत फार मोलाचा वाटायचा. हे समन्वयक तसेच वाटले. मी खरी उत्तरं लिहिली. तीन आठवड्यांनी त्यांनी विचारलं, आमच्या आमा समूहाचा हिशोब तपासाल का?

आमा समूह म्हणजे आयांचा गट. नेपाळच्या डोंगराळ भागात असे गट पुष्कळ आहेत : पायवाट बांधतात, दारूबंदी करतात, बचत करतात. या गटात ३१ बायका, दरमहा प्रत्येकीचे २०० नेपाळी रुपये. गट उभा राहिला तो भूकंपानंतर. २५ एप्रिल २०१५ चा तो ७.८ चा भूकंप, त्याचं केंद्र याच गोरखा जिल्ह्यात बारपाकला होतं. देशभरात जवळपास नऊ हजार माणसं गेली. शनिवार होता. नेपाळात सुट्टी शनिवारी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हे तिथली प्रत्येक आई सांगते, आणि सांगताना थांबते. दगड-मातीची घरं पडली. सरकारनं घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपये दिले, तेही तीन हप्त्यांत : पन्नास हजार, दीड लाख, एक लाख. पाया झाला की दुसरा हप्ता, भिंती छपरापर्यंत गेल्या की तिसरा. सिमेंट-सळई खेचरावर लादून वर आणायची, डकर्मीची म्हणजे गवंड्याची मजुरी द्यायची, तर तीन लाखांत घर उभं राहत नव्हतं. वरचे पैसे साहूकडून यायचे, शेकडा तीननं. तिकडे म्हणतात ‘सयकडा तीन’. महिन्याला शंभरावर तीन, वर्षाला छत्तीस. आपल्याकडच्या सावकाराचा हिशोब तसाच्या तसा. यातून सुटायला बायकांनी गट काढला आणि आपसांत शेकडा एकनं कर्ज द्यायला लागल्या.

आता प्रवास. सांगलीहून पुणे, पुण्याहून गोरखपूर रेल्वेनं, तिथून बसनं सोनौली. सीमा पायी ओलांडली. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. पुढं भैरहवा, बुटवल, नारायणगढ, मुग्लिन, आंबूखैरेनी आणि गोरखा बाजार. बुटवल ते नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. त्या टप्प्यात इतकी धूळ खाल्ली की दोन दिवस घसा बसला होता. गोरखा बाजारापासून जीपनं तीन तास आणि शेवटी ती ४० मिनिटांची चढण. मेलमध्ये ४० मिनिटं होती, मला सव्वा तास लागला. ही पहिली तक्रार : चढणीचा वेळ गावच्या पायांनी मोजू नये, साठीच्या बाईला खरा वेळ सांगावा. काठी न्या.

राहायची सोय एका घरात. संस्थेची नोंदणी फी नाही, देणगीची सक्ती नाही. जेवणा-राहण्याचे दिवसाला एक हजार नेपाळी रुपये थेट घरच्या दिदीच्या हातात द्यायचे. ४२ दिवसांचे ४२ हजार झाले, म्हणजे आपले २६,२५०. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर बांधलेला आहे. दुकानात ‘आइसी की एनसी’ असं विचारतात, म्हणजे भारतीय की नेपाळी. भाव ठरवताना हे आधी विचारून घ्या. मी शंभराच्या नोटा नेल्या होत्या, २०२४ मध्ये पाचशेच्या घ्यायला दुकानदार कां-कूं करत होते. मी प्रत्येक आठवड्याला सात हजार देऊन वहीत दिदीची सही घेत होते. ती लाजायची, पण तिसऱ्या आठवड्यात तिनंच स्वतःची वही काढली.

जेवण दोन वेळा, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला. डाळ, भात, भाजी, मध्ये खाजा म्हणून मका भाजलेला. सकाळी उठल्यावर फक्त चहा. रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घ्यायची माझी सवय नाही, म्हणून मी दशम्या नेल्या होत्या त्या दहा दिवस पुरल्या. नंतर दिदी मला सकाळीच कोदोची रोटी करून द्यायला लागली. इथं एक गंमतीची गोष्ट कळली. आपला कोदो वेगळा, आणि त्यांचा कोदो म्हणजे आपली नाचणी. कोदोच्या पिठाचा ढिंडो, बाजूला गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा रस्सा. लहानपणी आजारपणात आई नाचणीची उकड द्यायची, तीच चव. संडास घरापासून वीसेक पावलं खाली, वाट ओली आणि रात्री दिवा नाही. डिसेंबरात पहाटे पाणी हातात धरवत नाही. हे संस्थेनं आधी सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही, पण विजेरी विसरू नका. समोर स्वच्छ दिवशी मनास्लू आणि हिमालचुली दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला तांब्या तसाच राहिला.

गावात पोचले आणि दोन दिवसांनी मंसिरच्या ५ गतेला बैठक होती. मंसिर हा नेपाळी महिना, गते म्हणजे तारीख. बायका गुरुंग, आपसांत त्यांची भाषा बोलतात, बैठकीत नेपाळी. माझं नेपाळी म्हणजे हिंदीत चार शब्द मिसळून, पण वही देवनागरीत होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून वाचता आली. ‘साँवा’ म्हणजे मुद्दल, ‘ब्याज’ म्हणजे व्याज, ‘बाँकी’ म्हणजे बाकी. याआधी युरोपातून आलेले दोघं-तिघं स्वयंसेवक ती वही उघडूही शकले नव्हते. त्यांनी त्याऐवजी लॅपटॉपवर इंग्रजी तक्ता करून दिला होता, एकवीस रकान्यांचा. संस्थेचा तरुण कार्यकर्ता महिन्यातून एकदा येऊन वहीतलं त्यात भरायचा.

बैठकीनंतर पाच दिवस मी नुसती बसून होते. कोदोची कापणी चालू होती आणि बायका पर्मनं एकमेकींच्या शेतात जात होत्या. पर्म म्हणजे आपली सावड : आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. संस्थेनं मला बोलावलं ऐन कापणीत, म्हणजे ज्या महिन्यात कुणाला बसायला वेळ नाही त्या महिन्यात. ही दुसरी तक्रार. सहाव्या दिवशी मी विळा मागितला. दिदीच्या पर्ममध्ये तिच्या जागी अर्धा दिवस मी गेले, कणसं खुडली, पाठ धरली, पण त्या संध्याकाळी बायका आपण होऊन वह्या घेऊन आल्या.

मग खरं काम सुरू झालं. माइन्युट म्हणजे बैठकीची वही. प्रत्येक व्यवहार तिच्यात आहे, खाली सह्या, सही येत नसेल तर ल्याप्चे म्हणजे अंगठा. मी आठ वर्षांची पानं बाकीनिशी उतरून काढली. येणं कर्ज वहीप्रमाणं एक निघालं आणि लॅपटॉपच्या तक्त्याप्रमाणं ४७ हजारांनी कमी निघालं. बँकेत एवढा फरक आला की पहिला संशय पैसे हाताळणाऱ्यावर जातो. गटाची सचिव तिशीतली, नवरा कतारला. तिचं तोंड उतरलं. तीन रात्री ती झोपली नाही, असं दिदीनं मला नंतर सांगितलं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तोवर मी फरक कुठला ते शोधलंही नव्हतं आणि आकडा मात्र सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

फरक सापडला असारच्या पानावर. नेपाळचं आर्थिक वर्ष असार संपताना, जुलैच्या मध्याला संपतं. असार मसान्त, म्हणजे असार महिन्याची अखेर, हा त्यांचा ३१ मार्च. त्या दिवशी सात बायकांनी पूर्ण कर्ज भरलं होतं आणि चारच दिवसांनी त्याच सातजणींनी तेवढंच कर्ज पुन्हा घेतलं होतं. मी ते पान बघितलं आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, ‘अगं, हे तर नवं-जुनं!’ आमच्या भागातल्या सोसायट्यांत दर मार्चला हेच चालतं. थकबाकी दिसू नये म्हणून कर्जदार कुठून तरी पैसे आणून खातं बंद करतो, लगेच नवं कर्ज उचलतो आणि आणलेले पैसे परत करतो. कार्यकर्त्यानं सातजणींची परतफेड तक्त्यात चढवली होती, पण नवी कर्जं पाचच चढवली होती. दोन राहिली, एक २५ हजारांचं आणि एक २२ हजारांचं. फरक ४७. सचिवेनं एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता. हे मी पुढच्या बैठकीत उभी राहून, सगळ्यांसमोर, आधी हिंदीत आणि मग मोडक्या नेपाळीत सांगितलं. जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच मागं घेणं भाग होतं.

पण माझं समाधान झालं नव्हतं. चार दिवसांसाठी पैसे कुठून आणले? उत्तर द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी एका रात्री चुलीपाशी दिदीनंच सांगितलं : साहूकडून. त्या सातजणींत तीही होती. चार दिवस ठेवा की तीस, साहू व्याज पूर्ण महिन्याचं घेतो. २५ हजारांवर ७५० रुपये, चार दिवसांचे. ज्या सावकारापासून सुटायला गट काढला, त्याच्याच दारात गट बायकांना वर्षातून एकदा उभं करत होता. आणि कशासाठी? संस्था देणगीदारांना जो अहवाल पाठवते त्यात ‘असार अखेर परतफेड शंभर टक्के’ असा रकाना होता. शंभर टक्क्यांच्या गटाला पुढच्या वर्षी शेळ्यांसाठी मदत मिळायची.

ही या संस्थेची सर्वांत मोठी चूक, आणि मी ती समन्वयकांना तोंडावर सांगितली. मी पाहुणी, त्यांच्या अंगणात बसून त्यांचाच अहवाल खोटा आहे म्हणत होते. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस गावात दिसले नाहीत. मला वाटलं आता बॅग भरावी. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शेजारच्या दोन गावांतल्या गटांच्या वह्या पिशवीत घालून घेऊन आले आणि म्हणाले, ‘म्याडम, यी पनि हेरिदिनुस् न.’ याही बघून द्या. त्या दोन्ही वह्यांत असारचं पान तसंच होतं.

पुस महिन्याच्या बैठकीत गटानं ठराव लिहिला : असारात कर्ज बंद करायची सक्ती नाही, व्याज भरलं की मुदत वाढेल, वाढवलेली मुदत वहीत उघड लिहायची, आणि मुद्दल हप्त्यानं फेडायचं. संस्थेनं अहवालातला तो रकाना काढून तिथं ‘मुदतवाढ किती जणींना’ असा रकाना घातला. देणगीदारांना त्याचं कारणही लिहिलं. ते पत्र पाठवण्याआधी त्यांनी मला वाचून दाखवलं. आपली चूक कागदावर लिहून पैसे देणाऱ्याला कळवणारी संस्था मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत फार कमी पाहिली.

माझी एक चूक सचिवेनं पकडली, तीही लिहिते. मी व्याजासाठी सगळ्या तारखा इंग्रजी करून तीस दिवसांचा महिना धरला होता. त्यामुळे पाचजणी उशिरा भरणाऱ्या दिसत होत्या. तिनं भिंतीवरचं पात्रो म्हणजे कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. विक्रम संवताचे त्यांचे महिने सौर आहेत, कुठला २९ दिवसांचा तर कुठला ३२ चा. हप्ता ५ गतेला, म्हणजे ५ गतेलाच, मधले दिवस मोजायचेच नाहीत. मी तिचं ऐकून सगळे कागद पुन्हा केले.

एक प्रसंग मला आवडला नाही. चौथ्या आठवड्यात देणगीदारांचे प्रतिनिधी येणार होते. बायकांना गटाच्या एकसारख्या साड्या नेसून सकाळी नऊला हजर राहायला सांगितलं, तेही मळणीच्या दिवशी. पाहुणे दुपारी दीडला आले, फुलांच्या माळा झाल्या, फोटो झाले, पाऊण तासात परत गेले. ३१ जणींचा दिवस गेला. बहुतेकींचे नवरे किंवा मुलगे आखातात किंवा मलेशियात आहेत. देशाच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा बाहेरून पाठवलेल्या पैशाचा आहे म्हणतात, पण शेतात त्या दिवशी हात नव्हते. मी हेही समन्वयकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, ‘हुन्छ’ म्हणाले. तिथं ‘हुन्छ’ म्हणजे होईल, बघू, ठीक, सगळंच असतं. यात बदल झाला का ते मला अजून कळलेलं नाही.

गावात एक बाई मला पहिल्याच आठवड्यात ‘काकू, जेवलात का?’ म्हणाली तेव्हा मी दचकले. तिचा नवरा पिंपरीत एका सोसायटीत रखवालदार होता, ती सहा वर्षं तिथं चार घरची भांडी करायची. तिला विचारलं, तिकडे तुम्हाला काय म्हणायचे? म्हणाली, ‘नवऱ्याला बहादूर. मला बहादूरची बायको.’ गटाच्या वहीत तिचं नाव सतराव्या क्रमांकावर आहे आणि तिची सही सगळ्यांत ठसठशीत आहे.

कुणाला जायचं असेल तर संस्था अशी तपासा. नेपाळात संस्थेची नोंदणी जिल्हा प्रशासन कार्यालयात होते आणि ती वेळोवेळी नवी करावी लागते. काठमांडूच्या समाज कल्याण परिषदेशी ती संलग्न आहे का, ते विचारा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. मला तो दुसऱ्याच मेलमध्ये मिळाला, १४ पानी, नेपाळीत. गावाच्या वडा कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, संस्थेचं नाव काढून बघा, खरं काय ते तिथं कळतं. ज्यांना बचत-कर्जाचं काम करायचं आहे त्यांनी हेही लक्षात घ्या की गेल्या काही वर्षांत नेपाळात बऱ्याच बचत सहकारी संस्था बुडाल्या, ठेवीदार काठमांडूत रस्त्यावर उतरले. त्यामुळे वही मागणाऱ्या परक्या बाईकडे लोक संशयानं बघणारच. पहिला आठवडा वही मागू नका. आणि दोन आठवड्यांसाठी जाऊ नका. माझा फरकच मुळी तिसऱ्या आठवड्यात सापडला.

आजाराचं काय करायचं, याची तयारी संस्थेकडे कमी आहे. आरोग्य चौकी दीड तासावर, विम्याबद्दल कुणी विचारलं नाही. मी स्वतः काढून गेले होते. पावसाळ्यात जीप चालत नाही, मुग्लिनच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्यामुळे असार-साउनात जाऊच नका. हिशोबाचं वर्ष नेमकं तेव्हाच संपतं, ही अडचण आहे.

मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापला तो साड्यांच्या दिवसासाठी, कापणीत बोलावण्यासाठी आणि आरोग्याच्या ढिलाईसाठी. असारच्या पानासाठी कापला नाही, ते त्यांनी दुरुस्त केलं.

२०२५ च्या जुलैत, असार संपायच्या संध्याकाळी सचिवेनं व्हॉट्सअपवर माइन्युटच्या पानाचा फोटो पाठवला. नेटवर्क जात-येत होतं, फोटो उघडायला वीस मिनिटं लागली. ३१ नावं. २७ जणींपुढं हप्ता भरल्याची नोंद, चौघींपुढं ‘म्याद थप’, म्हणजे मुदत वाढवली, आणि त्या चौघींत दुसरं नाव माझ्या दिदीचं, खाली तिची सही.